स्वस्त ताटामागचा न दिलेला पगार

2016 साली सिंगापूरच्या चायनाटाउन कॉम्प्लेक्समधल्या एका छोट्या गाळ्याला मिशेलिनचा तारा मिळाला. चान हॉन मेंग तिथे सोया सॉसमधली कोंबडी आणि भात दोन डॉलरच्या आसपास देत. जगाने चवीइतकंच कौतुक केलं ते त्या किमतीचं.

पण अशा अनेक गाळ्यांचा भाव घरच्यांच्या बिनपगारी राबण्यावर टिकून असतो. नवरा कढईपाशी, बायको गल्ल्यावर, सुट्टीच्या दिवशी मुलगा ताटं उचलायला. यांचा पगार हिशेबात धरलाच जात नाही. बाहेरचा माणूस ठेवला की खरा खर्च उघडा पडतो.

परदेशी कामगार ठेवणाऱ्या मालकाला जुलै 2024 पासून पूर्णवेळ स्थानिक कर्मचाऱ्याला दरमहा किमान 1,600 डॉलर देणं बंधनकारक झालं. कमी पगारवाल्यांच्या पगारवाढीचा निम्मा भार त्या वर्षी सरकारने उचलला, 2025 मध्ये 40 टक्के. उरलेला खर्च कुठून काढायचा? भावातूनच.

मालकाने घरच्यांचाही पगार धरूनच दर ठरवावा आणि दरवाढीचं कारण पाटीवर स्पष्ट लिहावं. गिऱ्हाइकानेही अर्धा डॉलर वाढला म्हणून त्या गाळ्याकडे पाठ फिरवू नये.