दीपगृह भंगारात निघालं तर?

आम्हा वर्धेकरांना दीपगृह पाहायचं तर कोकण गाठावं लागतं. खांदेरी बेटावरचं १८६७ सालचं. ते सांभाळायला माणसं राहत आली. रशियाच्या उत्तर ध्रुवाकडच्या ओसाड किनाऱ्यावर माणूस कसा टिकणार? म्हणून सोव्हिएत काळात तिथल्या दिव्यांना किरणोत्सारी स्ट्रॉन्शियमच्या उष्णतेवर वीज पुरवली. १९९१ मध्ये देश फुटला, देखभाल सुटली आणि धातूसाठी चोरांनी ही यंत्रं फोडली! पुढे नॉर्वेनं पैसे दिले, तेव्हा त्याच्या शेजारच्या भागात सौर पॅनेल बसले.

लांबची गोष्ट वाटते ना? २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाचं जुनं कोबाल्टचं यंत्र लिलावातून भंगारात गेलं. एक कामगार दगावला. आमच्या वस्तीतल्या भंगार वेचणाऱ्या बायांजवळ तर साधे हातमोजेही नसतात. असं यंत्र घेणाऱ्या संस्थेनंच ते शेवटी योग्य जागी पोचवावं. लिलावाची मुभा तिला नकोच.