जाहीर आवाहन : दिव्यांग डॉक्टरांना काम करता येईल अशी रुग्णालये हवीत

वैद्यकीय क्षेत्रातील सहकाऱ्यांनो, रुग्णालयांच्या विश्वस्तांनो आणि नागरिकहो,



मी फिजिशियन आहे. मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. कानात यंत्र असते, तरी समोरच्याचे ओठ पाहिल्याशिवाय मला बोलणे पूर्ण समजत नाही. 2020 साली वॉर्डात सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि राउंडला कोण काय सांगते आहे, ते मला कळेनासे झाले. आता आपण या कामाच्या उरलो नाही, असे वाटून मी कित्येक रात्री जागून काढल्या. वाट एका सिस्टरने काढली. तिने प्रत्येक खाटेपाशी वही ठेवली. ऑक्सिजन, बीपी, शुगर लिहून माझ्यापुढे धरायचे, तोंडी ऑर्डर घ्यायची नाही, एवढाच नियम. खर्च झाला तो वह्या-पेनांचा. त्या नियमामुळे औषधांच्या ऑर्डरीही सगळ्यांनाच स्पष्ट मिळू लागल्या.

माझ्या वाट्याला समजूतदार माणसे आली. पण हे नशिबावर सोपवायचे नाही, असे कायदाच सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार सरकारी आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्यांना वाजवी सोयी आणि अडथळामुक्त जागा देणे बंधनकारक आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून तिथे कोणाला काढता येत नाही, खालच्या पदावरही नेता येत नाही. समान संधीचे धोरण जाहीर करण्याचे बंधन तर खासगी रुग्णालयांवरही आहे.

या कायद्यातील अपंगत्वाच्या 21 प्रकारांत सिकलसेलही येतो. विदर्भातल्या आदिवासी भागांत हा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. त्याच भागातून हा आजार असलेला एखादा मुलगा डॉक्टर होतो आणि आपण त्याला पाणी प्यायलाही उसंत न देता सलग 36 तास राबवतो. शरीरातले पाणी कमी होणे, थंडी आणि अतिश्रम यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो, हे आपणच रुग्णांना समजावतो. मग ड्युटी लावताना ते का विसरतो?

‘दिव्यांग डॉक्टर रुग्णाला काय सांभाळणार?’ हा प्रश्न मी खूपदा ऐकला आहे. डॉ. सुरेश अडवाणी यांना लहानपणी पोलिओ झाला. व्हीलचेअरवरून काम करत त्यांनी मुंबईत कर्करोगाच्या रुग्णांवर उपचार केले, अस्थिमज्जा प्रत्यारोपण भारतात रुजवले. 2012 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पण सोय मिळण्यासाठी प्रत्येकाने एवढे मोठे व्हायची गरज नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की केवळ अपंगत्वाची टक्केवारी पाहून एमबीबीएसचा प्रवेश नाकारता येणार नाही. विद्यार्थी शिक्षण पूर्ण करू शकेल का, हे तपासले पाहिजे. नोकरी देतानाही हीच कसोटी लावा.

म्हणून कळकळीची विनंती :

1. रुग्णालय प्रशासनाने दिव्यांग डॉक्टरांना ‘काय हवे?’ असे स्वतःहून विचारावे. उतार, लिफ्टजवळची ड्युटी रूम, व्हीलचेअर आत जाईल असे स्वच्छतागृह, उंची बदलणारे तपासणी टेबल, आवाज वाढवणारा स्टेथोस्कोप, यांची तरतूद यंदाच्या अंदाजपत्रकात करावी.

2. विभागप्रमुखांनी ड्युटी लावताना आजाराचा विचार करावा. सोय मागणाऱ्याला कामचुकार ठरवू नये.

3. रुग्ण आणि नातेवाइकांनी डॉक्टरांची कुबडी किंवा कानातले यंत्र पाहून दुसरा डॉक्टर मागू नये. कमी ऐकू येणाऱ्या डॉक्टरांकडे तोंड करून सावकाश बोलावे.

4. दिव्यांग डॉक्टर मित्रांनो, त्रास लपवू नका. सोय लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या. सरकारी नोकरीत असाल, तर दाद मागण्यासाठी तक्रार निवारण अधिकारी आहे, राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तही आहेत.

3 डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन असतो. त्या दिवशी आम्हाला शाल-श्रीफळ देण्यापेक्षा आपल्या रुग्णालयातला एक अडथळा काढून टाका. डॉक्टरसाठी बांधलेल्या उतारावरूनच उद्या एखादी आजी आपली आपण ओपीडीत येईल.

आपली,
एक फिजिशियन