आपल्या चित्रात आपले गाव असावे

चित्र दुसऱ्याचे नकलून काढू नये, आपण पाहिलेले काढावे, असे माझे मत आहे. का ते सांगतो.

दिवाळीनंतर गुरुजींनी आम्हा चौथीच्या मुलांना मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन पाहायला नेले. वर्गात दोऱ्या बांधून चित्रे टांगली होती. ती रंगीत व टापटीप होती. पण दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि काठावर नारळाचे झाड, अशी चित्रे मी बोटांवर मोजू लागलो तर दोन्ही हातांची बोटे संपली. आमच्या गावात नारळ दिसतो तो किराण्याच्या दुकानात. कोणाच्याच वावरात त्याचे झाड नाही. मग सर्वांनी ते पाहिले कुठे? एकमेकांच्या वहीत! बक्षीसही अशाच एका चित्राला मिळाले.

कोपऱ्यात एक चित्र होते. ओळींच्या कागदावर, नुसत्या पेन्सिलीने काढलेले. एक बाई पऱ्हाटीत वाकून कापूस वेचत आहे. कमरेची ओटी फुगली आहे. तोंड दिसत नाही. माझा मित्र म्हणाला, "तोंडच नाई काढलं, चुकलं." मला वाटते, चुकले नाही. माझी आई वेचणीला जाते तेव्हा मलाही धुऱ्यावरून तिची पाठच दिसते. हे चित्र ज्या कोणी काढले, ते धुऱ्यावर उभे राहून पाहिले असेल.

काही मुले म्हणतात, नकलून काढल्याने हात वळतो. ते खरे आहे. शुद्धलेखनही आपण पाहूनच लिहितो. पण निबंध आपला आपण लिहावा लागतो. चित्राचेही तसेच आहे.

आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामला बापू कुटीच्या भिंतीवर मीराबेननी मातीने झाडे व चरखा काढला आहे. त्या जन्माने विलायतेच्या, पण त्यांनी इथले काढले, तेही इथल्याच मातीने. १९४४ साली शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद हे चित्रकार सेवाग्रामला नई तालीमच्या मुलांना कला शिकवायला आले. पुढे त्यांनी मुलांच्या कलेवर पुस्तक लिहिले. एवढे मोठे चित्रकार मुलांची चित्रे लक्ष देऊन पाहत होते. बक्षीस देणाऱ्यांनीही तशीच पाहावी.

माझी एक सूचना आहे. प्रत्येक चित्राखाली 'हे मी कुठे पाहिले' अशी एक ओळ लिहायला लावावी. रंगपेटी नसली तरी अडत नाही. कोळसा, गेरू, हळद घरात असते. फाल्गुनात पळसाच्या फुलांचा केशरी रंग निघतो. काढायला तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आहे, विहीर आहे, बाजार आहे.

मी आईला त्या चित्राचे सांगितले. ती हसून म्हणाली, "माह्या पाठीचं चित्र कोन पाह्यते बाप्पा?"

मी पाहतो. तुम्हीही पाहा. पुढच्या भित्तिपत्रकासाठी सर्वांनी गावाचे एकेक चित्र द्यावे. नारळाचे झाड चालणार नाही.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी