अवतार आणि जाते

संतकाव्याच्या समीक्षेत ‘भक्तवत्सल’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल दळतो, शेणी वेचतो, तिची वेणी घालतो. समीक्षक मात्र हे सारे ‘लीला’ म्हणून निकालात काढतात. ही लीला कोणत्या अवतारकल्पनेत बसते? गीतेच्या चौथ्या अध्यायातील अवतारप्रयोजने स्पष्ट आहेत : साधूंचे रक्षण, दुष्टांचा विनाश, धर्माची संस्थापना. कटीवर हात ठेवून उभ्या असलेल्या विठ्ठलाजवळ शस्त्रच नाही. परंपरेने त्याला कृष्ण मानले, दशावतारांत बुद्धाच्या जागीही बसवले. रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथाने दैवताच्या घडणीचा शोध घेतला, पण दैवताचे मूळ सापडले म्हणजे कवितेचा अर्थ सापडतोच असे नाही. नामदेवांच्या घरी दासी असलेल्या स्त्रीच्या कवितेत धर्मसंस्थापना रणांगणावरून जात्यापाशी येते. ती देवाला शिव्याही घालते. उद्धारकाला कोणी शिव्या घालत नाही; त्या सोबत राबणाऱ्याला घालता येतात. यांतील नेमके किती अभंग तिचे, हा वाद खुला आहे. तथापि या वाटेकऱ्याला पुन्हा उद्धारक ठरवणारी समीक्षा दासीचे श्रम देवाच्या दयेखाली झाकते. अवताराचा अर्थ लावताना समीक्षेने आधी दळण कोणाचे, हे विचारले पाहिजे.