चुन्या कापून कोटेशन जिंकू नका!

शिअर पडद्यांच्या व्हिडिओनंतर बऱ्याच दुकानदारांचं एकच म्हणणं आलं. "सर, कस्टमर भाव पाडतो, मग कापड कमी केल्याशिवाय परवडत नाही." मला हे पटत नाही. का ते आज लिहून सांगतो, कारण इथे आकडे आहेत आणि आकडे व्हिडिओत पटकन निसटतात.

समजा रॉड ६ फुटांचा आहे, म्हणजे ७२ इंच. पडद्याची उंची ७ फूट. दुमड धरून एका पॅनलला साधारण ९६ इंच, म्हणजे जवळजवळ अडीच मीटर कापड लागतं. पन्ना ४८ इंची असेल तर दोन पॅनल मिळून ९६ इंच होतात. रॉडच्या सव्वापट, फार तर १.३ पट. असा पडदा ओढला की तो खिडकीवर वाळत घातलेल्या ओढणीसारखा दिसतो. चार पॅनल घेतले तर १९२ इंच, बाजूच्या शिलाया जाऊनही अडीच पटीच्या आसपास. शिअरला निदान दोन पट हवंच. मेन पडद्याचं कापड जाड असतं, ते थोड्या चुन्यांतही भरीव दिसतं. शिअरकडे स्वतःचं असं काही नसतं हो, त्याचं सगळं रूप चुन्यांत!

आता पैसे बघा. ३५० रुपये मीटरचं भारी कापड, दोन पॅनल, ५ मीटर : १,७५० रुपये. १८० रुपये मीटरचं साधं कापड, चार पॅनल, १० मीटर : १,८०० रुपये. फरक ५० रुपयांचा. शिलाई पॅनलमागे लागते, म्हणून दोन पॅनलची शिलाई वाढेल, ते लपवू नका. पण दोन्ही पडदे शेजारी लावून दाखवा, दहातले नऊ जण स्वस्त कापडाच्या दाट पडद्यावर बोट ठेवतील. बजेट कमी असेल तर कापड हलकं करा, चुन्या नको. आणि ११८ इंची पन्न्याचं शिअर मिळत असेल तर ते आडवं वापरा. उंची पन्न्यातच बसते, मधे जोड येत नाही, आणि १८० इंचाला साडेचार-पाच मीटरमध्ये काम होतं. मीटरचा भाव जास्त दिसतो म्हणून घाबरू नका, एकूण हिशोब करा.

बीबीएला प्रायसिंगचा पेपर मी चांगल्या मार्कांनी पास झालो होतो. तरी पहिल्या दोन वर्षांत मी हेच केलं. समोरच्या दुकानापेक्षा कोटेशन खाली आणायचं म्हणून पॅनल कमी. वरून एक गोष्ट बोललोच नाही. गंगापूर रोडला एका काकूंच्या हॉलमध्ये नुसतं शिअर लावून आलो. दुपारी सुंदर दिसत होतं, फोटोही काढले. रात्री नऊला फोन. "अरे, समोरच्या बिल्डिंगमधून आमचं जेवणाचं ताट दिसतंय म्हणे! तू सांगितलं का नाहीस?"

खरंच सांगितलं नव्हतं. दिवसा उजेड बाहेर जास्त असतो म्हणून आतलं दिसत नाही. रात्री आत दिवा लागला की उलटं होतं. धंद्यातल्या माणसाला हे पाठ असतं, घेणाऱ्याला नसतं. मी ब्रॅकेट बदलून डबल रॉड केला, मेन पडदा माझ्या खर्चाने शिवून दिला. काकूंनी ठरलेले पैसे दिले, चहाही दिला. पण त्या सोसायटीतून मला पुढे एकही काम आलं नाही. पडद्याच्या मार्जिनपेक्षा ते जास्त लागलं.

तेव्हापासून माझ्या कोटेशनवर तीन ओळी असतात. रॉडची लांबी किती आणि कापड किती पट. रात्री बाहेरून दिसेल, मेन पडदा किंवा ब्लाइंड लागेल. पश्चिमेची खिडकी असेल तर शिअर झळ कमी करेल, ऊन थांबवणार नाही. एप्रिल-मेमध्ये नाशिकचं दुपारचं ऊन काय असतं ते तुम्हाला माहीत आहे, तिथे अस्तराचा पडदाच हवा. हायवेच्या बाजूचे फ्लॅट असतील तर मी तोंडी आणखी एक सांगतो, पांढरं शिअर धुळीने लवकर काळवंडतं, तिथे ऑफ-व्हाइट घ्या.

काही जण म्हणतात, एवढं सांगितलं तर कस्टमर पळतो. पळतात काही. माझेही पळाले. कोटेशनवर 'अडीच पट' लिहिलं की तो दुसऱ्या दुकानात जाऊन विचारतो, "तुमचं किती पट?" तिथे उत्तर मिळालं नाही, तर बऱ्याचदा परत येतो.

एक काम आजच करा. तुमच्या दुकानात शिअर ताग्यावर, एलईडीखाली दाखवत असाल तर एक सॅम्पल अडीच पट शिवून दाराच्या उजेडात टांगा. शेजारी त्याच कापडाचं सव्वापट. वर दोन्हीची किंमत लिहा, आणि आठ दिवसांत लोक कुठे थांबतात ते मला कमेंटमध्ये कळवा.