भारी धान आणि २८ दिवसांचा हंगाम

स्टार्ड्यू व्हॅली हा शेतीचा खेळ एरिक बॅरोन यांनी एकहाती लिहून २०१६मध्ये आणला. पुढे त्यात धानही आलं. रोप लावलं की आठ दिवसांत पीक हाती. पाण्यालगत लावलं तर त्याहून लवकर, शिंपायचीही गरज नाही. इथवर भंडाऱ्यातल्या लाखांदूरचा शेतकरीही मान डोलवेल. पण हंगाम वसंताचा! उन्हाळी धान घेणारे खपवून घेतील. बाकी भंडाऱ्यात रोवणी म्हणजे आषाढ.

हे बदलायला खेळ फोडावा लागत नाही. २०२४च्या १.६ आवृत्तीपासून प्रत्येक पिकाचे हंगाम, अवस्था, दिवस नावानिशी मांडलेले आहेत. कंटेंट पॅचर हा तयार मॉड (खेळात बदल करणारी जोड) घेऊन एका जेसन फाइलीत वसंताच्या जागी ग्रीष्म लिहायचा, एवढंच.

गडबड होते ती सी-शार्पमध्ये स्वतःचा मॉड लिहिताना. नवखा प्रोग्रामर दिवसांचा आकडा थेट कोडमध्ये कोंबतो. धानाला किती दिवस, हे त्याने का ठरवावं? लवकर येणारं हलकं, मध्यम, उशिरा येणारं भारी, सगळ्यांचा हिशेब वेगळा. चिन्नोर जातीचं धान लावणारा आणखी निराळं सांगेल. आकडा कॉन्फिग फाइलीतच हवा. निम्मं काम स्मॅपी, म्हणजे मॉड चालवणारी प्रणाली, करते: मूळ मूल्यं दिली की पहिल्यांदा खेळ चालू होताच फाइल तयार होते, आणि पुढे पर्याय वाढला तर खेळाडूचे जुने आकडे राखून नवा तेवढा भरला जातो.

फाइल बाहेर आली की तिला नाना हात लागणार. कुणी देवनागरीत २१ लिहील. जेसनच्या लेखी तो आकडाच नाही. वर्डमधून आलेली वळणदार अवतरणचिन्हंही चालत नाहीत. हा घोळ इतका नेहमीचा की स्मॅपीत त्यासाठी खास सूचना आहे. पण उणे पाच दिवस? जेसनला त्यात वावगं दिसत नाही. ते मॉडनेच पकडावं, मूळ मूल्यावर यावं आणि काय चुकलं ते खेळाडूला सांगावं. गुपचूप दुरुस्ती नको.

चाळीस पर्यायांची फाइलही नको. जात, हंगाम, दिवस पुरेत.

भारी धानाचे खरे १४० दिवस मात्र लिहू नका. खेळातला हंगाम २८ दिवसांचा, म्हणजे चार हंगामांचं वर्षच ११२ दिवसांचं. आणि पिकाच्या हंगामांच्या यादीबाहेरचा हंगाम लागला की उभं पीक मरतं. मी हलक्याला १२, भारीला २० ठेवीन आणि ग्रीष्मासोबत शरदही जोडीन. पटत नसेल तर फाइल उघडा, आकडा बदला.

— कळबडव्या