रबराचं आयुष्य आणि रेझिनचा तोरा

‘प्लास्टिकचं किट? ते तर लहान मुलांचं!’ रेसकारची मॉडेल्स जोडायला लागलेल्या प्रत्येकाने हे वाक्य एकदा तरी ऐकलेलं असतं. बोलणाऱ्याच्या कपाटात बहुधा तीन-चार महागडी रेझिन किट्स असतात, डबासुद्धा न उघडलेली. समोर एखादं पोरगं आपली पहिली १/२० फॉर्म्युला वन गाडी हातात धरून उभं असतं आणि या एका वाक्याने त्याचा चेहरा पडतो.

मला हा तोरा मान्य नाही.

रेझिन किट कसं बनतं ते पाहा. आधी एक मूळ नमुना घडवायचा. त्याभोवती सिलिकॉन रबर ओतून साचा करायचा आणि त्यात दोन द्रव मिसळून तयार केलेलं पॉलियुरेथेन ओतायचं. रबर मऊ असल्यामुळे आत वळलेल्या कडाही अलगद सुटून येतात. इथे रेझिन खरंच सरस आहे, नाकारत नाही. पण तेच रबर काही डझन वेळा वापरलं की फाटायला लागतं. ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून ज्याचे जादा पैसे मोजले जातात, ते पुष्कळदा फक्त या रबराचं आयुष्य असतं.

प्लास्टिकच्या किटमागे पोलादी साचा असतो. तो करायला भयंकर महाग. पण एकदा जमला की हजारावा भाग पहिल्यासारखाच निघतो. टायरेल पी३४ घ्या. पुढे चार छोटी चाकं, मागे दोन मोठी. १९७६ च्या स्वीडिश ग्रांप्रीत जोडी शेक्टर तिच्यात बसून जिंकला. सहाचाकी गाडीचा फॉर्म्युला वनमधला हा एकमेव विजय. टामियाने त्याच दशकात तिचं १/१२ किट काढलं आणि पुढे अनेक वर्षांनी ते पुन्हा बाजारात आणलं. म्हणजे बापाने जोडलेली गाडी मुलीलाही जोडता येते. पुढचे दांडे बसवताना चार चाकं एकदम वळवायची म्हणजे काय भानगड होती, हे बोटांना कळतं. उलट कित्येक रेझिन किट्समध्ये इंजिनच नसतं. नुसतं सुंदर कवच. मॉडेल फॅक्टरी हिरोसारखे जपानी अपवाद आहेत. त्यांची १/१२ किट्स थक्क करतात, पण त्या पैशात एखादी जुनी स्कूटर येते.

आणि त्रासाचं कोण बोलणार? रेझिनचे भाग आधी साबणाने धुवायचे, नाहीतर रंग पोपडे होऊन निघतो. हवेचे बुडबुडे भरायचे. वाकलेलं विंग गरम पाण्यात धरून सरळ करायचं. प्लास्टिकला सिमेंट लावलं की दोन भाग विरघळून एकजीव होतात; रेझिनला ते चालतच नाही, तिथे सुपरग्लू किंवा एपॉक्सीच. शिवाय घासताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसांना वाईट. मास्क हवा, पॉलिश पेपर ओला हवा. वन-बीएचकेमध्ये, आजी शेजारी झोपलेली असताना, हे नवख्याला ‘खरा छंद’ म्हणून सांगणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

मग रेझिन कशाला? हरलेल्यांसाठी. पोलादाचा खर्च भरून यायचा तर हजारोंनी खपेल अशीच गाडी हवी, म्हणजे फेरारी, मॅक्लारेन, विल्यम्स. शेवटच्या रांगेतून सुटणाऱ्या आणि चार हंगामांत संघासकट गायब होणाऱ्या गाडीसाठी कोण पोलाद कापणार? नारायण कार्तिकेयनने २०११-१२ मध्ये चालवलेली एचआरटी कुणाला शेल्फवर हवी असेल, तर आशा ठेवायची ती अशाच एखाद्या छोट्या रेझिनवाल्याकडून. अशी गाडी मिळाली तर धुणं, घासणं, मास्क, सगळं मी आनंदाने करेन.

बंद डबेवाल्या काकांना मात्र विनंती आहे. एक डबा उघडा, ते विंग सरळ करा, मग त्या पोराशी बोलू.